लोहचुंबक चिकटला म्हणून स्टील नकली नसतं!

चांगल्या स्टेनलेस स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही, हे आपण घरी भांडी घेताना ऐकत आलोय. पण हीच परीक्षा पंपाच्या किंवा व्हॉल्व्हच्या ओतीव बॉडीला लावली, तर चांगला माल भंगारात जाईल. कसं ते पाहू.

३०४ ग्रेडच्या पत्र्याचा ओतीव भाऊ म्हणजे सीएफ८. यात क्रोमियम १८ ते २१ टक्के, निकेल ८ ते ११ टक्के आणि कार्बन जास्तीत जास्त ०.०८ टक्के. नावातला ८ तो हाच! त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम आलं की झालं सीएफ८एम. हे क्लोराइडपुढे जास्त टिकतं.

आत मात्र रस्सीखेच चालू असते. क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन फेराइटकडे ओढतात. निकेल, कार्बन आणि नायट्रोजन ऑस्टेनाइटकडे. लोहचुंबक चिकटतो तो फेराइटला. कास्टिंगमध्ये साधारण ५ ते २० टक्के फेराइट मुद्दाम राहू देतात. का? धातू थिजताना आकसतो. सगळं ऑस्टेनाइट असेल तर गंधक, फॉस्फरससारखी अशुद्धी ग्रेन बाउंड्रीवर साचते आणि गरम असतानाच तडे जातात. फेराइट ही अशुद्धी स्वतःत सामावून घेतं. शिवाय स्ट्रेंग्थ वाढते आणि स्ट्रेस कोरोजनच्या तड्यांनाही अडथळा होतो.

मग भरपूर फेराइट घालावं का? नाही. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास वर्षानुवर्षे राहिलं की फेराइट ठिसूळ होतं. अणुवीज केंद्रांतल्या ओतीव पाइपांबाबत म्हणूनच काळजी घेतात. ६०० ते ९०० अंशांत त्यातून सिग्मा फेज तयार होते, ती तर काचेसारखी ठिसूळ. अतिथंड कामातही जास्त फेराइट नको.

आता हीट ट्रीटमेंट. कास्टिंग साच्यात हळूहळू थंड झालं की ग्रेन बाउंड्रीवर क्रोमियम कार्बाइड बनतं. शेजारचं क्रोमियम कमी होतं आणि नेमकं तिथेच स्टील गंजतं. म्हणून कास्टिंग किमान १०४० अंशांपर्यंत तापवून पाण्यात झटकन थंड करतात. जिथे वेल्डिंगनंतर हे जमणार नाही, तिथे ०.०३ टक्के कार्बनचं सीएफ३ वापरतात.

म्हणजे केमिस्ट्री तीच असूनही एक कास्टिंग टिकेल, दुसरं गंजेल. फाउंड्रीत ट्रेनिंगला गेलात तर खिशातल्या लोहचुंबकावर निकाल देऊ नका. कंपोझिशन, हीट ट्रीटमेंटचा रेकॉर्ड आणि फेराइटचं रीडिंग, तिन्ही मागा. व्हायव्हातही हेच उत्तर उपयोगी पडेल!