ग्रहणाचे भय व ग्रहणाचा प्रवास

ग्रहणाविषयी मंडळ्यांतून आम्हांस वरचेवर प्रश्न येतात. ग्रहणात पाणी प्यावे की नाही, गरोदर स्त्रीने विळीवर बसावे की नाही, असे ते प्रश्न असतात. विचारणारे बहुधा हळूच विचारतात. आपण असे विचारणे शोभत नाही असे त्यांस वाटते. त्यांनी लाजू नये. हाच प्रश्न एकदा आमच्या घरातही उभा राहिला होता. ती हकीकत प्रथम सांगतो.

ता. २२ जुलै २००९ रोजी पहाटे खग्रास सूर्यग्रहण होते. छायेचा पट्टा सुरतेवरून इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा जाणार होता. नाशिक जिल्ह्यातील आमचे खेडे त्या पट्ट्याबाहेर पडत होते. म्हणून भाड्याची जीप करून आदल्या दिवशी सुरतेस जावे असे आम्ही योजिले. आमच्या पत्नीस तेव्हा पाचवा महिना होता, आणि तिलाही यावयाचे होते. आमच्या मातोश्री ख्रिस्ती घरातच जन्मलेल्या, तरी त्या म्हणाल्या, "तू जा बाबा. सुनेला कशाला नेतोस? पोर फाटक्या ओठाचे निपजले तर जन्माचा बोल लागेल." आम्ही पुष्कळ समजाविले. परंतु खरे सांगावयाचे तर त्या रात्री आम्हांसही झोप आली नाही. दुसऱ्यास "भिऊ नका" असे सांगणे सोपे. स्वतःच्या लेकराची गोष्ट निघाली म्हणजे मन डळमळते.

सकाळी मातोश्रींस घेऊन दवाखान्यात गेलो व नर्सबाईंस विचारले. त्या म्हणाल्या, "बाळाच्या ओठाची घडण दुसऱ्या महिन्यातच पुरी होते. आता ग्रहण त्याला काय करणार? घाटात मात्र गाडी हळू चालवा, आणि बाईंना उपाशी ठेवू नका." या उत्तराने आमचे डोळे उघडले. भय बाळगावयास जागा होती. पण ती आकाशात नसून घाटाच्या वळणांत व रिकाम्या पोटात होती. मातोश्री काही बोलल्या नाहीत. निघतेवेळी मात्र भाकरीचा डबा घेऊन त्या स्वतःच जीपमध्ये येऊन बसल्या.

वणीवरून सापुताऱ्याचा घाट ओलांडून आम्ही रात्री सुरतेस पोहोचलो. पहाटे तापीच्या काठी उभे राहिलो, तो आभाळ भरलेले. सूर्य आम्हांस दिसलाच नाही. परंतु सहा वाजून वीस मिनिटे झाली, आणि गणिताने जी वेळ आधीच सांगितली होती तीच वेळ साधून, उजाडलेला दिवस पुन्हा मावळला. कावळे झाडांवर परतले. मातोश्रींनी सुनेचा हात घट्ट धरला. तीन मिनिटांहून थोडा अधिक काळ अंधार राहिला. मग उजेड आला तो पश्चिमेकडून, कारण छाया पूर्वेकडे सरकत चालली होती. मातोश्रींनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "खा ग बाई, नर्सबाईंनी सांगितले आहे ना?"

मुलगी यथाकाळी सुखरूप जन्मली. परंतु एक मूल सुखरूप जन्मले, एवढ्यावर आम्ही हा धडा उभारीत नाही. ग्रहण म्हणजे काय हे समजले पाहिजे.

अमावास्येस चंद्र सूर्य व पृथ्वी यांच्या मधल्या बाजूस असतो. त्याची वाट सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक अमावास्यांस त्याची छाया पृथ्वीस चुकवून जाते. जेव्हा चुकवीत नाही, तेव्हा सूर्यग्रहण होते. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे, आणि सूर्य आपल्यापासून चंद्राच्या सुमारे ४०० पट दूरही आहे. म्हणून एवढासा चंद्र एवढ्या मोठ्या सूर्यास झाकू शकतो. सारांश, ग्रहण ही सावली आहे. वडाच्या सावलीत ठेवलेली भाकरी विटाळत नाही, तशी चंद्राच्या सावलीतलीही विटाळत नाही.

ता. २२ जानेवारी १८९८ रोजी अशीच छाया आपल्या महाराष्ट्रावरून गेली. तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी, तसेच अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी दुर्बिणी उभारल्या होत्या. जे पाहावयास लोक समुद्र ओलांडून आले, त्यावर आपण दार लावून घ्यावे काय?

तथापि एक भय खरे आहे, ते विसरू नये. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिल्यास डोळ्याचा आतील पडदा जळतो, आणि जळताना दुखत नाही. म्हणून मुले फसतात. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा काळा चष्मा यांवर विसंबू नये. ग्रहणासाठी तयार केलेला प्रमाणित चष्माच वापरावा. अथवा सूर्याकडे पाठ करून पुठ्ठ्यास टाचणीने भोक पाडावे व त्यातून कागदावर पडलेली सूर्याची कोर पाहावी. ता. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण पश्चिम भारतात खंडग्रास आहे. अशा ग्रहणात चष्मा काढावयाचा क्षण येतच नाही.

उपदेशक बंधूंस एक विनंती. ग्रहणापूर्वी घरोघर जाऊन गरोदर बहिणींस भेटावे, आणि त्या दिवशी त्यांस अन्नपाणी मिळते की नाही हे पाहावे. मात्र वडीलधाऱ्यांची थट्टा करू नये. त्यांचे भय मायेतून आलेले असते. वादाने जे गेले नाही ते आमच्या घरी एका नर्सबाईंच्या शब्दाने व बरोबर केलेल्या प्रवासाने गेले.

वर्गात विचारावयाचे प्रश्न: १. प्रत्येक अमावास्येस सूर्यग्रहण का होत नाही? २. ग्रहणाच्या दिवशी कोणते भय टाकावे व कोणते बाळगावे? ३. आपल्या घरी या भयाने कोणी उपाशी राहते काय?