आक्षीचा दगड आणि कुरव पक्षी

आपल्या अलिबाग तालुक्यात आक्षी नावाचे गाव आहे. अलिबागहून रेवदंड्याला जाताना ते लागते. तिथे समुद्रकाठी सुरूचे बन आहे. हिवाळ्यात आमच्या चौथीच्या वर्गाची परिसर सहल आक्षीला गेली होती. आम्ही तिथे दोन गोष्टी पाहिल्या. एक दगडाची आणि एक जिवंत.

पहिली गोष्ट म्हणजे शिलालेख. शिलालेख म्हणजे दगडावर कोरलेला मजकूर. आक्षीच्या शिलालेखावर शके ९३४ असे साल आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. ९३४ + ७८ = १०१२. म्हणजे हा दगड एक हजार वर्षांहून जुना झाला! मराठीतला हा सर्वांत जुना लेख असे पुष्कळ विद्वान मानतात. त्यात कोकणच्या केसिदेवराय राजाचे नाव आहे. त्याच्या भइर्जु नावाच्या प्रधानाने महालक्ष्मी देवीसाठी धान्य दिले, असे त्यात लिहिले आहे. वर चंद्र-सूर्य कोरले आहेत. चंद्र-सूर्य असेतोवर हे दान चालावे, असा त्याचा अर्थ. जो दान मोडील त्याला शापही दिलेला आहे.

अक्षरे पुसट होती. एका मुलाने खिशातून खडू काढला. तो अक्षरांत भरायला निघाला. बाई म्हणाल्या, "थांब! खडू, तेल, शेंदूर, रंग काही लावायचं नाही. घासून घासून अक्षरं झिजतात." मग बाईंनी युक्ती सांगितली. सकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा खाचांत सावली धरते. तेव्हा अक्षरे आपोआप उठून दिसतात. आम्ही बाजूने पाहिले तर खरंच चार अक्षरे लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे पक्षी. पुळणीवर कुरव पक्ष्यांचा मोठा थवा बसला होता. मी ओरडत त्यांच्यात धावत गेले. सगळे भुर्रकन उडाले. मला मजा वाटली. तिथं एक म्हातारी आजी मासळी सुकवत होती. ती म्हणाली, "बाय, त्यांना खाव दे. लांबशी आयलीन ती."

बाईंनी मग माहिती सांगितली. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट अशा थंड प्रदेशांतल्या तळ्यांकाठी अंडी घालतो. थंडीत तिथे पाणी गोठते म्हणून तो आपल्या किनाऱ्यावर येतो. उन्हाळा लागला की परत जातो. हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे असते व डोळ्यामागे काळा ठिपका असतो. परतीच्या प्रवासासाठी त्याला खाऊन अंगात ताकद साठवावी लागते. सारखे उडवले तर त्याचे खाणे राहते आणि ताकद फुकट जाते. हे ऐकून मला वाईट वाटले.

माझे बाबा किनाऱ्यावर घोडागाडी चालवतात. पाहुणे म्हणतात, "गाडी थव्यातून घ्या, फोटो चांगला येतो." मी बाबांना घरी सगळे सांगितले. बाबा म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं तर पोट कसं भरायचं?" मला उत्तर आले नाही. मी बाईंना विचारले. बाईंनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाची माहिती सांगितली. तिथे पूर्वी समुद्री कासवांची अंडी चोरीला जात. सन २००२ पासून चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी यांनी मिळून ती राखली. आता पिल्ले समुद्रात जाताना बघायला लांबून माणसे येतात, गावात राहतात, जेवतात. कासवे राखली म्हणून गावाला पैसेही मिळाले.

मी हे बाबांना सांगितले. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी थव्याच्या अलीकडेच गाडी वळवली. एक पाहुणा रागावून उतरून गेला. बाकीचे गाडीत बसून पक्षी बघत राहिले.

मित्रांनो, दगडाला बोलता येत नाही आणि पक्ष्याला आपली भाषा येत नाही. जुन्या लोकांनी राखण म्हणून शाप कोरला. आता सन १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. पण पोलीस दिवसभर पुळणीवर उभा राहणार नाही. राखण आपणच करायची.

आमच्या वर्गाने ठरवलेले नियम :
१. शिलालेखाला काही लावायचे नाही. नाव कोरायचे नाही.
२. थव्यात धावायचे नाही. लांबून बघायचे.
३. जाळ्यांचे तुकडे, बाटल्या पुळणीवर टाकायच्या नाहीत.

हे वाचणाऱ्या पालकांनाही विनंती आहे, की गाडी थव्यातून नेऊ नका. माझ्या बाबांनी सुरुवात केली आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी