आश्रयदाते संत व त्यांचा मान

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 14:8–18, 1 तीमथ्य 2:1–6, इब्री 11:32 ते 12:2

चौक हे गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. ह्या बाजूचे, म्हणजे खालापूर व कर्जत तालुक्यांतील, पुष्कळ लोक चाकरीकरिता पनवेल व मुंबईकडे जातात, आणि तेथे रोमन कॅथलिक कुटुंबांशी त्यांचा शेजार घडतो. शेजारी भला असतो व अडचणीस धावून येतो. घरात मूल आजारी पडले किंवा काम सुटले म्हणजे तो प्रेमाने म्हणतो, "वांद्र्याच्या मोत माउलीला एक मेणबत्ती लावून या." मग तो बंधु अथवा ती भगिनी गावी आल्यावर उपदेशकास विचारते, "हे आपणांस चालते काय?"

ह्या प्रश्नास दोन उत्तरे चटकन सुचतात. एक असे की, "ते लोक मूर्तिपूजक आहेत, त्यांच्या वाऱ्यासही उभे राहू नका." दुसरे असे की, "देव एकच आहे, कोठेही हात जोडले तरी चालते." पहिल्या उत्तराने शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष दिली जाते, दुसऱ्याने आपल्या विश्वासाचा पाया ढिला होतो. म्हणून ही गोष्ट मुळापासून समजून घेण्याचे आम्ही ह्या पाठात योजिले आहे.

1. आश्रयदाता संत म्हणजे कोण?

रोमन कॅथलिक मंडळीत बहुतेक देवळांस व पुष्कळ गावांस, देशांस व धंद्यांस एखाद्या संताचे नाव लाविलेले असते. त्या संतास तेथील लोक आपला आश्रयदाता मानितात, त्याच्या दिवशी सण करितात व आपल्याकरिता देवाजवळ प्रार्थना करावी अशी त्यास विनंती करितात. आपल्याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लई गाव आहे. तेथील कॅथलिक लोकांचे देऊळ कार्मेल डोंगराच्या मातेच्या, म्हणजे मरीयेच्या, नावाचे आहे आणि तिचा सण 16 जुलैस येतो.

कोणता संत कशाचा आश्रयदाता, हे बहुधा त्याच्या जीवनावरून किंवा मरणावरून ठरते. लूक वैद्य होता (कलस्सै 4:14), म्हणून तो वैद्यांचा. पेत्र मासे धरीत असे, म्हणून तो कोळ्यांचा. योसेफ सुतार होता, म्हणून तो कष्टकऱ्यांचा. पोप बारावा पायस ह्यांनी 1955 साली 1 मे हा दिवस त्याच्या नावे नेमिला. आमच्या शेतकरी वाचकांनी इसिदोर हे नाव ऐकावे. तो स्पेन देशात माद्रिद येथे दुसऱ्याच्या शेतावर नांगर धरणारा गडी होता. 12 मार्च 1622 रोजी रोम येथे ज्यांस संत ठरविण्यात आले त्यांत गोव्याचा सुप्रसिद्ध मिशनरी फ्रान्सिस झेवियर होता आणि हा नांगऱ्याही होता. राजांच्या व पंडितांच्या काळात एका शेतमजुरास असा मान मिळावा, ही लहान गोष्ट नव्हे.

2. ही चाल कोठून आली?

पहिल्या शतकांत ख्रिस्ती लोकांचा छळ होत असे. सुमारे इ. स. 155 च्या वेळी स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प ह्यांस जाळून मारण्यात आले. तेथील मंडळीने त्यांची हाडे गोळा करून नीट ठेविली आणि त्यांच्या मरणाच्या दिवशी दरवर्षी जमण्याचे ठरविले. त्या मंडळीने इतर मंडळ्यांस पत्र लिहून हेही कळविले की, आराधना आम्ही ख्रिस्ताचीच करितो. हुतात्म्यांवर प्रीती करितो, ती ते त्याचे शिष्य म्हणून.

पुढे छळ थांबल्यावर हुतात्म्यांच्या कबरांवर देवळे उठली. जे देवाजवळ आहेत त्यांनी आपल्याकरिता मागावे, असे लोक म्हणू लागले. आरंभी संत कोण हे त्या त्या ठिकाणची मंडळीच ठरवीत असे. पुढे तो अधिकार पोपकडे गेला. आता त्या व्यक्तीच्या आयुष्याची व लेखांची चौकशी होते. हुतात्मा नसेल तर प्रथम एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो, तेव्हा तिला "धन्य" म्हणतात. नंतर बहुधा आणखी एक चमत्कार मानण्यात आल्यावर "संत" म्हणतात. आपल्या देशातील देवसहायम पिल्लै हे त्रावणकोरचे गृहस्थ ख्रिस्ती झाल्यामुळे 1752 साली मारले गेले. 15 मे 2022 रोजी त्यांस संत म्हणून जाहीर करण्यात आले.

3. वसईचा गोन्सालो गार्सिया

आपल्या उत्तर कोकणातच जन्मलेल्या एका संताची हकीकत येथे सांगणे योग्य आहे. गोन्सालो गार्सिया ह्याचा जन्म 1557 च्या सुमारास वसई येथे झाला. त्या वेळी वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्याचा बाप पोर्तुगीज व आई ह्या देशाची होती. जेज्वीट पाद्र्यांजवळ शिकून तो तरुणपणी जपानास गेला. तेथील भाषा त्याने उत्तम आत्मसात केली आणि तो कॅटेकिस्टाचे काम करू लागला. पुढे काही काळ त्याने व्यापार केला. परंतु त्याचे मन तेथे रमले नाही. फिलिपाईन बेटांतील मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधु म्हणून दाखल झाला. 1593 साली त्या संघाचे पाद्री जपानास गेले, तेव्हा दुभाषी म्हणून तो त्यांच्याबरोबर होता.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याची मर्जी फिरली, तेव्हा ह्या लोकांस धरण्यात आले. त्यांच्या कानांचा भाग कापून त्यांची धिंड काढिली व थंडीच्या दिवसांत त्यांस नागासाकीपर्यंत चालवीत नेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी तेथील टेकडीवर 26 जणांस वधस्तंभांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत परदेशी पाद्री होते, जपानी विश्वासणारे होते, लहान मुलेही होती, आणि वसईचा हा बंधु होता. 1627 साली रोमने त्यांस "धन्य" ठरविले व 8 जून 1862 रोजी संत म्हणून जाहीर केले. हिंदुस्थानात जन्मलेल्यांपैकी संत ठरलेला हा पहिलाच. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आज आहे.

उपदेशकांनी ही गोष्ट मंडळीस अवश्य सांगावी. तो पाळक नव्हता, पंडित नव्हता. दुसऱ्याचे शब्द लोकांस समजावून देणे हेच त्याचे काम होते. आमच्या खेड्यांतील उपदेशकांचे काम ह्याहून निराळे नाही.

4. कॅथलिक शिक्षक स्वतः काय सांगतात?

शेजाऱ्याचे मत त्याच्याच तोंडून ऐकावे, हा न्याय आहे. 787 साली निकेया येथे भरलेल्या दुसऱ्या सभेने आराधना व आदर ह्यांत भेद केला. आराधना केवळ देवाची. संतांस व त्यांच्या चित्रांस आदर, आणि चित्रास दिलेला आदर ज्याचे चित्र त्यास पोहोचतो. मरीयेस इतर संतांहून अधिक मान आहे, तरी तोही आराधनेखालचाच. 1563 साली ट्रेंटच्या सभेने पुन्हा सांगितले की, संतांची विनंती करणे चांगले व उपयोगी आहे. मात्र त्यात भोळसटपणा व द्रव्यलोभ शिरू देऊ नये.

त्यांचा युक्तिवाद असा आहे : "तुम्ही पाळकास म्हणता, माझ्यासाठी प्रार्थना करा. मग जो देवाजवळ गेला आहे त्यास तेच म्हटले तर काय बिघडले? मरणाने ख्रिस्ताच्या शरीराचे तुकडे होत नाहीत." हा युक्तिवाद पोरकट नाही. ज्याने तो समजून घेतला नाही, त्याने त्यावर बोलूही नये.

5. मग आमचा मार्ग वेगळा का?

मार्टिन ल्यूथर एकदा ह्याच वाटेने गेला होता. 1505 च्या जुलै महिन्यात रस्त्यात वादळाने त्यास गाठिले आणि जवळच वीज पडली. त्याने भयाने संत हन्ना हिचा धावा केला व मठवासी होण्याचा नवस बोलला. हन्ना ही मरीयेची आई असे परंपरा सांगते. ती खाणकऱ्यांची आश्रयदाती होती, आणि ल्यूथरचा बाप खाणीच्या धंद्यात होता. पुढे शास्त्र वाचता वाचता त्यास कळले की, ख्रिस्त हा रागावलेला न्यायाधीश नसून पाप्यांचा मित्र आहे, आणि त्याच्याकडे जाण्यास कोणाचा वशिला नको. तरी संतांची आठवण त्या पक्षाने पुसून टाकिली नाही. 1530 च्या आउग्सबुर्ग येथील कबुलीजबाबात असे ठरले की, संतांची उदाहरणे विश्वास व सत्कर्म ह्यांकरिता लोकांपुढे ठेवावी. पण त्यांचा धावा करावा असे शास्त्र शिकवीत नाही.

आमचीही कारणे हीच आहेत. पहिले, मृत संतांकडे प्रार्थना करावी अशी आज्ञा किंवा उदाहरण आम्हांस पवित्रशास्त्रात आढळत नाही. दुसरे, पौलाने तीमथ्यास देव व मनुष्ये ह्यांमध्ये एकच मध्यस्थ सांगितला आहे, आणि इब्री 4:14–16 ह्यावरून तो आमच्या दुबळेपणाची कीव करणारा आहे. तिसरे, लुस्त्र येथे लोक बैल व हार घेऊन आले, तेव्हा पौल व बर्णबा ह्यांनी आपली वस्त्रे फाडिली. खरा संत मान आपल्याकडे ओढीत नाही, पुढे पाठवितो.

ग्रंथातील भेद संकटात सापडलेल्या मनास नेहमी राखता येत नाही, हेही खरे. वांद्र्याच्या डोंगरावर 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते व आठवडाभर चालते. तेथे मेणाचे हात, पाय, घर विकत मिळते, व ज्याची जी अडचण तो ते मातेपुढे ठेवितो. तेथे इतर धर्मांचे लोकही पुष्कळ येतात. ह्यांपैकी किती जण आदर व आराधना हा भेद मनात धरितात? "माझे काम कर, मी तुझे देणे देईन," ही नवसाची भाषा आपल्या गावाच्या वेशीवर आपण लहानपणापासून ऐकिली आहे. परंतु दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी स्वतःकडे पाहावे. आजाऱ्याच्या उशाखाली शास्त्र ठेवून ते न उघडणारे, आणि पाळकाच्या प्रार्थनेस मंत्र समजणारे, आपल्यातही आहेत.

6. गावाचा राखणदार कोण?

ह्या प्रश्नाचे मूळ भीतीत आहे, आणि ती भीती चौकच्या लोकांस नवी नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालील इर्शाळवाडी ह्या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, पुष्कळ माणसे सापडलीच नाहीत, आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. अशा वेळी "राखणदार कोठे होता?" असे कोणी विचारितो, तर कोणी "त्यांचेच काही चुकले असेल" असे म्हणतो.

दुसरे वाक्य ख्रिस्ती माणसाच्या तोंडी कधीही येऊ नये. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी नव्हते असे प्रभूने स्वच्छ सांगितले (लूक 13:4–5). पहिल्या प्रश्नाचे उत्तर संतांच्याच जीवनात आहे. गोन्सालोस देवाने वधस्तंभापासून वाचविले नाही. इब्री 11 मध्ये काही जण तलवारीच्या धारेपासून निभावले व काही तलवारीनेच मेले. दोघांचाही विश्वास एकच म्हटला आहे. संताच्या आश्रयाने डोंगर थांबतो असे शिकविणे जितके चुकीचे, तितकेच "आम्ही ख्रिस्ती झालो, आता दरड येणार नाही" असे शिकविणे चुकीचे. ख्रिस्ताने दरडीतही आपल्याला न सोडण्याचे वचन दिले आहे. आणि ज्यांचे घर गेले त्यांच्या दारी जाण्याची आज्ञा त्याने आपणांस दिली आहे.

7. उपदेशकांस सूचना

मूल आजारी असलेल्या आईस वादात ओढू नये. प्रथम मुलास दवाखान्यात न्यावे व तिच्याबरोबर बसून प्रार्थना करावी. मग सावकाश सांगावे की, जो आपले रडणे स्वतः ऐकतो त्याच्याकडे दुसऱ्याच्या हाती निरोप धाडण्याची गरज नाही. कॅथलिक शेजाऱ्याच्या सणास बोलावणे आले तर जावे, जेवावे, शुभेच्छा द्याव्या. विनंतीच्या प्रार्थनेची वेळ आली तर शांत बसावे, आणि कोणी विचारिल्यास कारण नम्रपणे सांगावे.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

(1) आराधना व आदर ह्यांत कॅथलिक शिक्षक कोणता भेद करितात?
(2) लुस्त्र येथे पौल व बर्णबा ह्यांनी वस्त्रे का फाडिली?
(3) गोन्सालो गार्सियापासून आपण काय घ्यावे, व त्याजजवळ काय मागू नये?
(4) नवस व प्रार्थना ह्यांत भेद काय?
(5) आपल्या गावातील विश्वासात झोपी गेलेल्या कोणाची आठवण मंडळीने ठेवावी? तिचे किंवा त्याचे एक सत्कर्म सांगा.