आधी प्लग, नीडल सगळ्यात शेवटी

अगं, "ताई, इंजिन खराब झालंय" एवढं सांगून मला काय कळणार? चालूच होत नाही? चालू होऊन बॅटरीची क्लिप काढली की बंद पडतं? की जमिनीवर छान चालतं आणि विमान वर गेलं की दम सोडतं? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिघींची कारणंही वेगळी. नीट तक्रार सांगता आली की निम्मी दुरुस्ती झालीच म्हणून समज. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंगला उभी राहिलीस, तर पाना हातात धरायच्या आधी हे शिकून घे.

बहुतेक मुलं काय करतात माहितेय? इंजिन घेत नाही म्हटलं की पहिला हात नीडल वाल्व्हवर, म्हणजे इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूवर. अर्धा आटा इकडे, एक आटा तिकडे. मग मूळ दोष राहतो बाजूला आणि सेटिंगही हरवतं. तू असं करू नकोस. काल जे इंजिन त्याच नीडलवर चाललं, ते आज नुसत्या नीडलमुळे अडलं असण्याची शक्यता कमीच.

सुरुवात प्लगपासून कर. आपल्या फवारणी पंपाचं इंजिन आणि तुझं हे छोटं ग्लो इंजिन, दोन्ही टू-स्ट्रोकच. पण पंपाला दर फेऱ्याला ठिणगी लागते, तुझ्याला लागत नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. दीड व्होल्टवर ती तापते, इंजिन सुरू होतं, आणि बॅटरी काढली तरी मिथेनॉलच्या वाफेमुळे अन् आतल्या उष्णतेमुळे तापलेलीच राहते. म्हणून प्लग बाहेर काढ, क्लिप लाव आणि बघ. तार झगझगीत नारिंगी दिसली तर ठीक. मंद दिसली तर आधी बॅटरी चार्ज कर. अजिबात तापली नाही तर तार तुटलीय. तिची दुरुस्ती नसते, सरळ नवा प्लग टाक. आणि क्लिप काढताच इंजिन मरत असेल तर एक तर प्लग थकलाय, नाहीतर इंधन जास्त जाऊन तो गार पडतोय.

दुसरं इंधन. टाकी आणि इंजिनमधल्या नळीकडे डोळे लावून बस. बुडबुडे दिसले तर नळीला बारीक चीर आहे, टाकीतली नळी इंधनाच्या वर राहतेय, किंवा हादऱ्याने टाकीत फेस होतोय. टाकीभोवती स्पंज गुंडाळला की फेस बराच कमी होतो. जमिनीवर चालून हवेत बंद पडणाऱ्या इंजिनात मला पहिला संशय टाकीचाच येतो. टाकीची मध्यरेषा नीडलच्या पातळीच्या आसपास हवी. ती फार खाली बसवली, तर नाक वर करताच इंधन ओढायला इंजिनाला त्रास होतो.

तिसरं कॉम्प्रेशन. बॅटरी काढलेली असताना पंखा हाताने सावकाश फिरव. वर येताना पिस्टनने जोर धरला पाहिजे. काहीच जोर नसेल तर प्लगचं वॉशर, हेडचे स्क्रू आणि मागची प्लेट तपास. सैल असेल तिथून एअर घेतं, आणि मग नीडल कितीही फिरवलीस तरी सेटिंग टिकत नाही. उलट काही नवी इंजिनं अगदी वरच्या टोकाला इतकी घट्ट लागतात की जाम झाल्यासारखं वाटतं. पितळी लायनर, त्यावर क्रोमचा थर आणि आत ॲल्युमिनियमचा पिस्टन अशी त्यांची घडण असते. तापल्यावर माप बरोबर बसावं म्हणून ती थंड असताना मुद्दाम घट्ट ठेवलेली असतात. अशा इंजिनाला थोडी ऊब दे, जोर लावू नकोस.

पंखा मध्येच कडक अडला तर मात्र थांब. आत इंधन साचलं असेल, आणि द्रव काही दाबला जात नाही. तसाच स्टार्टर लावलास तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढ, इंजिन उलटं धर, पंखा हळू फिरवून इंधन बाहेर काढ.

एवढं सगळं बघून झालं की मग नीडलकडे वळ. इंजिन चालू असताना इंधनाची नळी मागच्या बाजूने क्षणभर चिमटीत दाब. आवाज चढून मग उतरला तर मिश्रणात इंधन किंचित जास्त आहे, म्हणजे ठीक. लगेच मेलं तर इंधन कमी पडतंय, नीडल थोडी उघड. बारीक चिरका आवाज, धूर नाहीसा आणि तापलेलं हेड ही धोक्याची खूण. त्या इंधनातच वंगणाचं एरंडेल असतं, त्यामुळे इंधन कमी गेलं की तेलही कमी, आणि इंजिन धरतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये सकाळी बसवलेली नीडल दुपारी जुळत नाही, कारण तापलेली हवा विरळ होते. तेव्हा नीडल एखादी खिटी बंद करावी लागते, हे आधीच गृहीत धर.

कर्जतच्या माळावर उडवायला आलीस तर आणखी एक संकट आहे, फुफाटा. विमान नाकावर पडलं तर पंखा फिरवून बघायचा मोह आवर. आत गेलेली धूळ लायनरवर ओरखडे काढते. आधी बाहेरून धू, मग प्लग आणि मागची प्लेट काढून आतून मिथेनॉलने धू, आणि त्यानंतरच फिरव. फिरवताना पंख्याच्या टोकाकडे बघ. शाफ्ट वाकला असेल तर टोक डगमगताना दिसेल. आणि रेहेकुरीच्या बाजूला जाऊ नकोस गं. तिथे 1980 पासून काळविटांचं अभयारण्य आहे, त्यांना हा आवाज नको.

आता खरी गोष्ट सांगते. बरीच इंजिनं चालताना नाही, कपाटात बिघडतात. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतं. एग्झॉस्टमधून तांबूस तेल आलं तर तेच समज. एरंडेल सुकून चिकट थर धरतं आणि पिस्टन अडकतो. म्हणून दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी कर, इंजिन आतलं इंधन संपेपर्यंत चालव, मग हलक्या तेलाचे चार थेंब सोडून पंखा फिरव. अडकलंच असेल तर हेअर ड्रायरने तापव, मिथेनॉलचे थेंब सोड आणि वाट बघ. पकडीने पिळू नकोस. घरच्या पंपालाही हेच लागू. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, तेही पाणी धरतं. टाकी भरलेली ठेवून पंप महिनोन्महिने कोपऱ्यात टाकला की पुढच्या फवारणीला कार्बोरेटर रडतो.

मिथेनॉलबद्दल मात्र चेष्टा नाही. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. ते कातडीतूनही अंगात शिरतं आणि त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही. हातमोजे घाल, पाण्याच्या बाटलीत ते कधीच भरू नकोस. इंजिन सुरू करताना बोट वापरायचं नाही, काठी किंवा स्टार्टर. ओढणी आणि वेणी बांधलेली हवी. नीडल नेहमी पंख्याच्या मागून फिरवायची.

शेवटचं. तू इंजिन उघडलंस की कुणीतरी "दे इकडे, तुला नाही जमायचं" म्हणत हात पुढे करेलच. भांडू नकोस. वहीत तारीख, ऊन, प्लग आणि नीडलचे आटे लिहीत जा, एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि शांतपणे सांग, "प्लग बघितला, बुडबुडे नाहीत, कॉम्प्रेशन आहे, आता नीडल बघतेय." बहुतेकांचा हात तिथेच मागे जातो. ज्याचा जाणार नाही, त्याला वही दे आणि आटे मोजायला बसव.