मिरचीचा तिखटपणा मोजतात कसा?

परवा एका तरुणाला मित्रांनी धरून दवाखान्यात आणले. पैजेवर पठ्ठ्याने ईशान्य भारतातली भूत जोलोकिया ही मिरची अख्खी खाल्ली होती. तांब्याभर पाणी प्यायला, तरी आग शमेना. शमणार कशी? तिखटपणा आणणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मी त्याला थंड दूध घोट घोट पाजले.

तिखटपणा मोजण्याची रीत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्याने पातळ करीत जायचा. चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत जितके पट पातळ करावे लागेल, तितके स्कोव्हिल एकक. आता हे काम यंत्र करते, एकक मात्र तेच. ढोबळी मिरची शून्यावर, तर भूत जोलोकिया दहा लाखांच्या पुढे! २००७ मध्ये गिनेस बुकाने तिला जगातील सर्वांत तिखट ठरविले होते. २०२३ मध्ये तो मान अमेरिकेतील ‘पेपर एक्स’ला मिळाला, सरासरी २६ लाख ९३ हजार.

तिखट ही खरे तर चव नव्हे. उष्णतेची वेदना मेंदूला कळविणारे मज्जातंतूच कॅप्सेसिनने चेततात. म्हणून न भाजताही भाजल्यासारखे वाटते. अमेरिकेत ‘कॅरोलिना रीपर’ खाल्लेल्या एकाच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या काही काळ आकुंचन पावल्याची नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा मिरचीनंतर असह्य डोकेदुखी, छातीत दुखणे किंवा धाप लागल्यास दुधावर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. हाताची आग होत असल्यास आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. आणि तोवर डोळ्यांना हात नको!