भिजला दाणा, वाकला कणा

पोरी, यंदा तुमच्या बचत गटाने कुरडयांची ऑर्डर घेतली आणि गव्हाचा पहिला कट्टा दाराशी येऊन पडलाय, असं कळलं. छान झालं. सोऱ्या कुठला, हिंग किती, मीठ कधी, हे सांगणाऱ्या गल्लीत दहाजणी निघतील. गहू उचलायचा कसा, हे मात्र कोणी सांगणार नाही. सगळ्यांना वाटतं, ते अंगवळणी पडतंच. अंगवळणी पडते ती पाठदुखी. घरच्या दोन पायल्यांना जे चालून जातं ते अर्ध्या क्विंटलला चालत नाही. तेव्हा पदर खोच आणि ऐक.

१. कट्टा टेम्पोतून उतरायच्या आधीच त्याची जागा ठरव आणि उतरवणाऱ्याकडूनच तिथे ठेवून घे — तो एकदा अंगणात टेकला की मग तुझा झाला. कपभर चहात पन्नास किलो आत येत असतील तर चहा स्वस्त.

२. खाली लाकडी फळी नाहीतर दोन पाट, आणि भिंतीपासून वीतभर अंतर — भिंतीची ओल आधी गोणी पिते, मग गहू.

३. कट्टा फोडायला विळा घेऊ नकोस. शिवणीचं बरोबर टोक सापडलं की दोरा एका ओढीत सरसर उसवतो. अडला तर जोर लावू नको, दुसरं टोक धर — साखळीची शिवण एकाच बाजूने सुटते, उलटीकडून ओढलीस की आवळते. कापलेल्या दोऱ्याचे तुकडे मग गव्हात शोधत बसशील, आणि कट्टाही वाया.

४. कट्टा उचलायचा नाही, जागेवर रिकामा करायचा. मापट्याने काढ, बादलीत घाल, बादली अर्धीच भर — दोन खेपांना वेळ जातो, एका खेपेला कंबर जाते.

गहू कुठला, यावर फार वाद घालू नकोस. चीक भरपूर सुटेल असा टपोरा, जुना न झालेला घे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या बन्सी वाणांपैकी पंचवटी मिळाला तर उत्तम. नाहीतर घरचा लोकवन आहेच.

एकदा सकाळी नगरच्या मार्केट यार्डात जाऊन हमाल कसे चालतात ते बघ. ओझं पाठीवर घ्यायच्या आधी ते पुढची वाट बघून ठेवतात आणि ओझ्याखाली असताना कोणाशी बोलत नाहीत. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या क्विंटलचं पोतं वाहिलं. पन्नास किलोचा कट्टा सुखासुखी आलेला नाही, त्यासाठी हमालांच्या संघटना भांडल्या, डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत त्यात पुढे होती. माथाडी-हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६७ साली, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने गड्याने एकट्याने वाहायच्या ओझ्याची शिफारस ५५ किलोंवर आणली, आणि बाईमाणसाचं ओझं त्याहून बरंच कमी असावं असं म्हटलं. ही मर्यादा अंग घडलेल्या कामगाराची. तुझ्या पडवीत तपासायला कोणी साहेब येणार नाही, म्हणून हिशोब तूच कर.

आता खरी गोष्ट. कोरडा गहू इमानदार असतो, पोत्यावर छापलंय तेवढाच भरतो. भिजला की त्याचा काही भरवसा नाही. दहा किलो गहू तीन दिवस पाण्यात राहिला की सोळा किलोंच्या घरात जातो. दाण्यांच्या फटींत आणि कापडात अडकलेलं पाणी त्याच्या वर. म्हणजे पंचवीस किलोंचं एकच गाठोडं बांधून सोडलंस, तर चौथ्या दिवशी पिंपातून बाहेर येणारा ऐवज चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे निघालेला असतो, आणि तो तुला वाकून, ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर उभं राहून काढायचा असतो. भिजला दाणा, वाकला कणा, हे लिहून पिंपावर चिकटव.

५. गाठोडी पाच-पाच किलोंची बांध, चार जास्त झाली तरी चालतील — भिजून ती आठ-नऊ किलोंची होतात, आणि तेवढं सासूबाईंनाही उचलता येतं. त्यांना उचलायला लावू नकोस, ते वेगळं.

६. कापड निम्मंच भर, वर मोकळं सोडून गाठ मार — दाणा फुगायला जागा मागतो. तट्ट भरलेल्या गाठोड्यात मधल्या दाण्यापर्यंत पाणी जात नाही. वरचे दाणे मऊ झाले तरी आतले दाताखाली कचकन वाजतात.

७. कापड मांजरपाटाचं नाहीतर जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. गोणपाट मुळीच नको — पन्नास किलो धान्याचं सरकारी तागाचं पोतं रिकामंच ५८० ग्रॅम भरतं, त्यात पाणी पितं, वर त्याची तुसं तुझ्या चिकात.

८. समोरासमोरची टोकं बांधून वर हात जाईल एवढी कडी ठेव — गाठीखालचं ओलं कापड चिमटीत धरून उचलायला गेलीस की ते बोटांतून निसटतं, आणि निसटताना नेमकं पायावर येतं.

९. पिंप आधी जागेवर, मग त्यात पाणी, मग गहू. जागा म्हणजे विटांचा दोन-तीन थरांचा ओटा, मोरीच्या जवळ — लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, भरलेलं पिंप काही केल्या हलत नाही. ओट्यावर असलं तर तुला जमिनीपर्यंत वाकावं लागत नाही.

१०. पिंपाला बुडाशी तोटी बसवून घे. नळकाम करणारा थोडक्यात करून देतो — पाणी रोज बदलायचं, आणि रोज पिंप कलतं करायचं म्हणजे रोज एक संकट. तोटी नसेल तर रबरी नळी टाकून पाणी ओढून काढ.

११. पाणी बदलायचं ते चैत्र-वैशाखात दोन्ही वेळा बदल. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, ऊन मात्र जुन्या नगरचंच आहे — त्या उन्हात गहू आंबायच्या पुढे जाऊन नासतो. थोडा आंबूस वास यायचाच. शेजारचे काका भिंतीवरून डोकावून “काय सूनबाई, भट्टी लावली का?” म्हणतील. त्यांना म्हणावं, १९४९ पासून दारूबंदीचा कायदा आहे, आम्ही कुरडयांवरच थांबलोय.

१२. उपसायच्या दिवशी आधी पाणी, मग गहू. सगळं पाणी सोडून दे, पिंप निथळू दे, तेव्हाच पहिल्या गाठोड्याला हात घाल — पाण्याला स्वतःचे पाय आहेत, ते आपलं आपण मोरीत जातं. त्याला तू कशाला उचलून नेतेस?

हा एक नियम पाळलास तरी निम्मं काम झालं. बायका नेमकं उलटं करतात. पिंप भरलेलं असताना हात कोपरापर्यंत घालून गाठोडं ओढतात, ते पाण्याबाहेर येईपर्यंत हलकं लागतं म्हणून खूश होतात, आणि काठावर आलं की एकदम जड होतं. पाण्यात असताना पाणीच त्याला तोलून धरतं. बाहेर आलं की सगळा भार मनगटावर. तोवर कंबर अर्ध्यात वाकलेली असते, सोडावं तर पाणी उडतं, धरावं तर चमक भरते.

१३. पिंपाच्या तोंडावर दोन जाड पट्ट्या नाहीतर लोखंडी जाळी आडवी टाक, आणि वर काढलेलं गाठोडं आधी तिच्यावर विसाव — पाव तास निथळलं की ओझं उतरतं आणि घरभर पाण्याची रेघ उमटत नाही.

१४. उचलताना गुडघ्यात वाक, गाठोडं कडेवरच्या पोरासारखं अंगाशी धर. वळायचं झालं तर पाय वळव — हात लांब केले की तेच ओझं दुप्पट लागतं, आणि ओझं हातात असताना कंबरेतून पिळा घेतला की पुढचे आठ दिवस अंथरुणाशी.

१५. पत्र्याच्या शेडच्या पाइपाला दोर टाकून गाठोडी टांगायची कल्पना तुझ्या नवऱ्याला सुचेल. त्याचं कौतुक कर आणि नको म्हण — तो पाइप पत्रा पेलायला आहे, ओला गहू पेलायला नाही. टांगायचंच असेल तर जुन्या वाड्याचं आढं किंवा जमिनीत रोवलेली तिवई बघ, आणि खाली पोरांना खेळू देऊ नकोस.

१६. उचलण्याआधी वाट मोकळी कर: चपला, बादल्या, मांजर, सगळं बाजूला. आधी वाट बघावी, मग गाठ धरावी — हातात ओझं आलं की पायाखालचं दिसत नाही.

दळणाचं थोडक्यात. ओला गहू दळणारं यंत्र असेल तिथे गाठोडी तशीच ने, पदर आणि वेणी पट्ट्यापासून लांब ठेव, ओल्या हाताने बटण दाबू नकोस. वीज कधी जाते ते आधी विचारून ठेव. भिजलेला गहू महावितरणसाठी थांबत नाही.

१७. फरशीवर चीक सांडला की तिथल्या तिथे धू, आणि गार पाण्याने धू — ओला चीक तेलाहून घसरडा असतो, आणि कढत पाणी ओतलंस की त्याची खळ होऊन फरशीला चिकटते.

१८. चीक रात्रभर खाली बसला की वरची निवळी नळीने काढ आणि तिथेच चूल मांड. जड पातेल्याकडे चूल न्यावी, चुलीकडे पातेलं नेऊ नये — गॅसची शेगडी आणि टाकी उचलणं केव्हाही सोपं.

१९. एका वेळी अर्धंच पातेलं हाट, दोघींनी मिळून, एकीने पातेलं धरायचं आणि एकीने चाटू फिरवायचा — आधणात पडल्यावर चीक सुरुवातीला गरीब असतो, घट्ट व्हायला लागला की चाटूच ओढून घेतो. बांगड्या आधीच उतरव.

२०. शिजता चीक अंगावर उडाला तर हळद नको, टूथपेस्ट नको, वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धर — तो चिकटून राहतो आणि चिकटून भाजत राहतो. फोड मोठा असेल तर कुरडया राहू देत, दवाखाना गाठ.

२१. चोथ्याच्या भुसवड्या घाल. उरलेला गाईला द्यायचा तर ताजा आणि पसाभरच — एवढा आंबट चोथा घमेल्याने घातलास तर तिचं पोट बिघडेल, दुधाचा खाडा पडेल आणि कुरडयांचा नफा डॉक्टरच्या खिशात जाईल.

२२. गाठोड्यांची कापडं त्याच दिवशी उकळत्या पाण्यात टाकायच्या आधी गार पाण्यातून दोनदा काढ, मग कडक उन्हात वाळव — नाहीतर पुढच्या घाण्याला मागच्या घाण्याचा वास.

आणि हाटताना वाटीभर गरम चीक बाजूला काढून दूध-साखर घालून सावडीला आलेल्या जावेला दे. परवा तिच्या दारी तुझी पाळी आहे, आणि ती अजून पंचवीस किलोंचं गाठोडं बांधते.