शिवलेला बूट आणि चिकटवलेला बूट

गेल्या वर्षी सुट्टीत ड्रिलचे बूट घ्यायला बाबांनी मला दुकानात नेले. समोर वीसेक जोड मांडले होते. त्यातला सर्वांत हलका आणि चकचकीत जोड मी निवडला. पुढे पावसाळ्यात संचलनाच्या सरावात ‘पीछे मुड’चा आदेश आला. मी वळलो, पण उजव्या बुटाचा सोल तिथेच राहिला. माझ्यामुळे सगळ्या तुकडीची ओळ मोडली.

संध्याकाळी मी बूट घेऊन आमच्या मोचीकाकांकडे गेलो. सोलच्या कडेवर बोट फिरवत ते म्हणाले, “हे टाके नाहीत, टाक्यांचं नुसतं चित्र आहे.” त्यांनी सोल चिकटवून दिला. तो पंधरा दिवस टिकला.

त्या दिवशी मला बुटाची रचना समजली. बूट मुख्यतः दोन प्रकारे तयार होतात. पहिल्या प्रकारात सोल डिंकासारख्या रसायनाने चिकटवतात. हे काम झटपट आणि स्वस्तात होते. दुसऱ्या प्रकारात वरचे चामडे, आतला तळ आणि चामड्याची एक अरुंद पट्टी एकत्र शिवतात. या पट्टीला ‘वेल्ट’ म्हणतात. बाहेरचा सोल त्या पट्टीला वेगळ्या टाक्यांनी जोडतात. त्यामुळे सोल झिजला की बाहेरचे टाके उसवून नवा सोल बसवता येतो आणि वरच्या चामड्याला धक्का लागत नाही.

आपल्या कोल्हापुरी चपलेतही हेच तत्त्व आहे. ती खिळ्यांनी नव्हे, चामड्याच्या वादीने शिवतात. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे ४ आणि कर्नाटकाचे ४ जिल्हे आहेत.

आता हिशेब पाहू. समजा, १,२०० रुपयांचा जोड एक वर्ष टिकला. दुसरा ३,००० रुपयांचा जोड एकदा ५०० रुपयांत सोल बदलून पाच वर्षे टिकला. पहिल्याचा वर्षाचा खर्च १,२०० रुपये, दुसऱ्याचा ७०० रुपये.

तुम्ही विचाराल, पाच वर्षांत पाय वाढणार नाही का? हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर माझ्या पायात आहे. माझे आत्ताचे बूट आमच्या हाउसच्या एका सीनियरचे आहेत. त्यांना ते लहान झाले, तेव्हा मोचीकाकांनी नवा सोल आणि नवे नाल लावून मला दिले. मला ते लहान होतील, तेव्हा एखाद्या ज्युनियरला होतील.

बूट घेताना तीन गोष्टी पाहा. कडेचे टाके खरे आहेत का? चामडे दाबल्यावर बारीक सुरकुत्या पडतात का, की वर नुसता प्लास्टिकचा थर आहे? सोल बदलता येईल का, हे दुकानदाराला विचारा.

काळजीही घ्यावी लागते. भिजलेला बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. मग पॉलिश करा.

प्रत्येक वस्तूला हा नियम लागत नाही. धावण्याच्या बुटातला मऊ थर काही काळाने दबतोच, तिथे टाके उपयोगाचे नाहीत. शिवलेले बूट जडही असतात. पहिल्या दोन आठवड्यांत मला फोड आले होते. पण मग ते पायाला असे बसले की आता ड्रिलच्या वेळी पायाकडे लक्षच जात नाही.

दुकानात वीस जोडांतून निवडताना मला वाटले होते की मला खूप पर्याय आहेत. खरे तर ते सगळे एकाच पद्धतीने चिकटवलेले होते, फरक फक्त दिसण्यात होता. म्हणून पुढच्या वेळी बूट, बॅग किंवा पेन घेताना रंग पाहण्याआधी ती वस्तू उलटी करून पाहा. ती मोडली तर दुरुस्त होईल का, हा प्रश्न आधी विचारा.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी